एकत्र आल्यावर नाव कोणाचे?

दाना ओलीत दोन संस्था एक करण्याचा विषय निघाला की पैशाआधी नावावरून अडते. म्हणून मोहन बागानकडे आम्ही जरा लक्ष देऊन पाहतो. 1889 सालचा हा कोलकात्याचा क्लब. 1911 मध्ये त्याचे अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले, आणि गोऱ्या पलटणीच्या संघाला 2-1 ने हरवून त्यांनी आयएफए शील्ड जिंकली. 2020 मध्ये त्याचा फुटबॉल विभाग जेमतेम सहा वर्षांच्या एटीकेत विलीन झाला. 80 टक्के वाटा गोयंका समूहाचा, 20 टक्के बागानचा. जर्सीचा हिरवा-मरून रंग टिकला, पण नावापुढे 'एटीके' चिकटले. ते काढा, म्हणून समर्थक तीन वर्षे भांडले. मार्च 2023 मध्ये संघाने गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना जिंकला आणि तिथेच संजीव गोयंकांनी नाव बदलणार असल्याचे जाहीर केले. (जिंकल्यावर मन मोठे होते म्हणा!)

आपल्याकडे असा करार झालाच, तर नाव, जुने दप्तर आणि सभासदांचे मत यांची कलमे आधी लिहून घ्यावीत, असे आम्हाला वाटते. कोल्हापुरात ही वेळच येत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ आजही आपापल्या नावाने शाहू स्टेडियमवर उतरतात.