वाळवणाचे राखणदार

महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपते, निकालपत्रक हातात पडते आणि राज्यातल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता या मुलांचे करायचे काय? शाळेची घंटा पुन्हा वाजेपर्यंत साधारण दीड महिना असतो. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात, म्हणजे तिथे हा प्रश्नही लांबतो. सुट्टी मुलांना लागते, आईबापांना लागत नाही. त्यांची कामाची वेळ तीच, लोकल तीच आणि घरातली धाकटी मंडळी मात्र, एरवी सातला हलवूनही न उठणारी, सहालाच टक्क जागी. मग शिबिरांच्या जाहिराती चाळल्या जातात. पोहणे, चित्रकला, अबॅकस, रोबोटिक्स आणि व्यक्तिमत्त्व विकास. ज्याला अजून शर्टाची बटणे नीट लावता येत नाहीत, त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास दहा दिवसांत करून मिळतो.

शिबिरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात त्यांचा मोठा आधार असतो आणि पोहायला शिकलेले मूल जन्माचे शिकते. पण शिबिराने मुलांची सोय लागते, आईबापांची हौस फिटत नाही. वर्षभर आईबाप म्हणजे मुलांच्या लेखी घाई करणारे एक खाते असते : ऊठ, दात घास, डबा घे, व्हॅन आली, गृहपाठ झाला का, झोप. मे महिन्यात या खात्याचे काम आपोआप कमी होते. सकाळचा अर्धा तास आणि संध्याकाळचा एखादा तास मोकळा होतो. त्या वेळात नवा कार्यक्रम आखायचा की घरात जे चाललेच आहे त्यात मुलांना हात घालू द्यायचा, एवढेच ठरवायचे असते. आमचे मत दुसऱ्या पर्यायाला आहे.

वाळवणाचेच पाहा. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत पडतात, रोज पाणी बदलावे लागते. मग ते वाटायचे, गाळायचे, चीक बसू द्यायचा आणि भल्या पहाटे शिजवायला घ्यायचा, कारण ऊन चढण्याच्या आत सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत. या सगळ्यात लहान मुलांचा उपयोग काय? पहिला म्हणजे वाटीभर गरम चीक खाऊन तो जमल्याची ग्वाही देणे. दुसरा, उडदाच्या पापडांच्या दिवशी तेलात बुडवून लाट्या फस्त करणे. तिसरे काम मात्र खरोखर जबाबदारीचे : कावळ्या-चिमण्यांपासून राखण. काठी हातात घेऊन सावलीत बसलेला हा राखणदार कावळ्यांपेक्षा जास्त ओलसर पापड्या स्वतःच खातो, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. ती साबुदाणा भिजवतानाच त्याचा वाटा धरून भिजवते.

यातली गंमत आईबापांना का वाटते? मुलाला दिलेले काम खोटे नसते म्हणून. त्याने डुलकी काढली तर पापड्या खरेच जातील, हे त्याला कळते आणि म्हणून त्याच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारे गांभीर्य येते. टाळ्या वाजवून ‘शाब्बास’ म्हणण्याची गरज उरत नाही. त्या तासाभरापुरते आई, आजी आणि मूल एकाच बाजूला असतात, पलीकडे फक्त कावळे.

आता अंगणे उरली नाहीत आणि कुरडया विकत मिळतात, हा आक्षेप बरोबर आहे. पण उन्हाळा दोन खोल्यांच्या घरातही येतोच. माठ रोज भरावा लागतो. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर कुस्करायला चिमुकली बोटे पुरतात. आंब्याच्या पेटीतले गवत बाजूला सारून, रंगावर न भुलता, नाकाने तयार फळ हुडकण्यात पाच वर्षांची मुलगी बापाला सहज मागे टाकते. ही कामे मुलांच्या हातून दुप्पट वेळ घेतात. माठात जाणाऱ्या पाण्यातले थोडे फरशीवर येते. फडकेही त्यांच्याच हाती द्यावे. पुसण्याचे काम त्यांना भरण्याइतकेच आवडते.

ही युक्ती आमची नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी माँटेसरींची बालशिक्षणाची पद्धत आपल्याकडे आणली, तेव्हा महागड्या साधनांवाचून त्यांचे अडले नाही. बोर्डी आणि पुढे कोसबाड इथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंनाच साधन केले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. मुलाच्या हाती जे काम आहे तिथूनच त्याच्याशी बोलायला सुरुवात करायची, ही त्यामागची दृष्टी. ती शिक्षकांपुरती ठेवण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना मुलांना काहीतरी ‘शिकवल्या’शिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी आकाशाने याच महिन्यात फुकटची सोय केली आहे. मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या माथ्यावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. प्रत्येक गावाला एक दुपार अशी येते, की उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात हा दिवस ६ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नाशिकमध्ये २० मेच्या आसपास आणि नागपुरात २६ मेच्या आगेमागे, म्हणजे ऐन नवतप्याच्या कडक उन्हात येतो. पुण्या-मुंबईत साडेबाराच्या सुमारास, तर नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास पाण्याची बाटली किंवा पोळपाटावर उभे केलेले लाटणे उन्हात ठेवावे. सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा माथ्यावर येतो, पण तेव्हा पावसाळी ढग तो दिसू देत नाहीत. म्हणून पाहायचे ते आताच, डोक्यावर टोपी घालून, पाच मिनिटांपुरते. आपली सावली कुणी नेली हे शोधत मूल स्वतःभोवती गिरक्या घेते आणि शेवटी ती पायाखाली सापडते. बहुतेक आईबापांनीही हे आधी कधी पाहिलेले नसते. वडीलधाऱ्यांना आणि मुलांना एकाच वेळी एकच नवल वाटावे, असे प्रसंग वर्षात फार येत नाहीत. रात्री वीज गेली तर दुसरा धडा तयार असतो : उत्तरेला सप्तर्षी, त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती आणि त्याच वळणाने आणखी पुढे चित्रा.

आजोळही अजून पुरते संपलेले नाही. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. मार्च २०२३ पासून आईलाही अर्धेच पडते. पूर्ण तिकीट काढणारा बाप एकटा उरतो, पण खिडकी तरीही त्याला मिळत नाही. त्या प्रवासात करवंदांचे द्रोण विकायला आले, की जिभा जांभळ्या होईपर्यंत कुणी कुणाला अडवू नये.

हे सगळे लिहिताना एक भान ठेवले पाहिजे. उन्हाळा सगळ्यांना सारखा येत नाही. पत्र्याच्या घरात तो मे महिनाभर छळतो आणि पाण्यासाठी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीपुढे माठ भरण्याची मौज सांगणे क्रूरपणाचे ठरेल. पण याच राज्यात अशीही घरे आहेत, जिथे उन्हाळ्यामुळेच आईबाप भेटतात. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. मागे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांच्या लेखी मे म्हणजे आई रोज घरी असण्याचा महिना. तिने केलेली भाकरी तव्यावर फुगताना पाहणे हाच तिथला कार्यक्रम. रोजच्या साध्या क्षणांची किंमत त्या घरांना कुणी समजावून सांगावी लागत नाही.

शहरांतल्या घरांना हे क्षण मिळावेत यासाठी मात्र थोडी सार्वजनिक उदारताही हवी. कचेऱ्यांनी मे महिन्यात लहान मुलांच्या आईबापांना संध्याकाळी वेळेवर सोडले, तर कुणाचा तोटा होणार नाही. बागा दिवेलागणीनंतरही उघड्या राहिल्या, तर ज्या वेळी वारा सुटतो त्या वेळी मुले तिथे असतील. आणि गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवरचे कुलूप निघायला हवे. वाळवण, सावलीचा प्रयोग, सप्तर्षी या सगळ्याला शहरात उरलेली जागा तेवढीच आहे आणि नेमकी तीच पाण्याच्या टाक्या व डिश अँटेना यांच्यासाठी राखून ठेवलेली असते. सुरक्षेची काळजी रास्त आहे, म्हणून मोठ्यांच्या सोबतीची अट घालावी. या लेखाचे म्हणणेही सोबतीचेच आहे. गच्चीची किल्ली बहुधा सचिवांकडे असते. ती मागायला जाताना मुलांनाच पुढे करावे. हातात साबुदाण्याच्या पापड्यांचे ताट असले तर नकार देणे सचिवांनाही जड जाईल.