नवा ट्रक आणि तोंडी तक्रार

भिवंडीहून नाशिकला कापडाच्या गाठी नेण्यासाठी आम्ही नवा ट्रक घेतला. चार महिन्यांत तो सहा वेळा डीलरच्या वर्कशॉपमध्ये गेला. दोष एकच, क्लच घसरतो. दर वेळी 'काम झाले' म्हणून गाडी परत मिळाली आणि कसारा घाटात पुन्हा तेच! माल अडकला, बँकेचा हप्ता मात्र अडकला नाही.

चूक आमचीही झाली. पहिल्या तीन खेपांना तक्रार तोंडीच सांगितली. जॉब कार्डावर 'जनरल चेकअप' एवढेच लिहिले गेले. आता डीलर म्हणतो, हा दोष नवीन आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी माल घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेणाऱ्याला मात्र ते दार उघडे आहे. मुदत दोन वर्षे. आमच्यासारख्या पेढीला बहुधा दिवाणी कोर्टच. पण दोन्हीकडे पुरावा कागदाचाच लागतो.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. व्यापारी बांधवांनो, आपण उधारी लिहितो, मग तक्रार का नाही? दोष, तारीख, किलोमीटर जॉब कार्डावर लिहून घ्या. नक्कल हाती आल्याशिवाय चावी देऊ नका.