प्रवासात गरजवंतालाच अक्कल येते

प्रवासाने माणसांचं वैविध्य कळतं, या समजुतीवर आज तीन बाजूंनी हल्ला होतो. पहिला आक्षेप असा की, जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यातली माणसं मोबाइलवर दिसत असताना पदरचे पैसे खर्चून तिथे जायचं कारण उरलेलं नाही. दुसरा असा की, हिंडणाऱ्यांचे पूर्वग्रह हिंडून कमी होत नाहीत, उलट पक्के होतात. तिसरा असा की, प्रवास ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे, तिला ज्ञानाचा मोठेपणा देऊ नये. तिन्हींत तथ्यांश आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे. माझं म्हणणं थोडक्यात असं: माणसांमधला फरक नुसता पाहून कळत नाही, अनोळखी माणसावाचून आपलं अडतं तेव्हा कळतो, आणि अडण्याची अशी वेळ प्रवास जितक्या हमखास आणतो तितक्या हमखास दुसरं काही आणत नाही.

पहिला आक्षेप मोबाइलइतका नवा नाही. जेम्स मिलने तो दोनशे वर्षांपूर्वी मांडला होता. १८१७ साली त्याचा ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. मिल इथे कधी आला नव्हता, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती, आणि प्रस्तावनेत त्याने ही आपली जमेची बाजू म्हणून सांगितली. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला थोडंच दिसतं आणि त्यात त्याचा राग-लोभ मिसळतो. इंग्लंडमधल्या खोलीत बसून सगळ्यांच्या साक्षी ताडून पाहणाऱ्याला मात्र वर्षभरात जे कळेल, ते हिंदुस्थानात जन्म काढूनही कळणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. वरवर तो बिनतोड आहे. पण त्यातून निघालं काय? शेकडो जाती, पंथ आणि भाषांचा हा देश त्याने हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशा तीन कालखंडांत कोंबला आणि हिंदू समाज सुधारणेच्या अगदी आरंभीच अडकलेला ठरवला. हेलीबरीच्या कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीचे होतकरू अधिकारी हेच पुस्तक अभ्यासत होते. पुढे एच. एच. विल्सनने त्याची नवी आवृत्ती काढली, तेव्हा तळटिपांमधून मिलला ठिकठिकाणी खोडून काढावं लागलं. विल्सन सुमारे दोन तपं इथे राहिलेला, संस्कृत शिकलेला माणूस होता. मिल चुकला तो कागद कमी पडले म्हणून नाही. कागद त्याला मध्येच थांबवून ‘असं नाही, साहेब’ म्हणू शकत नव्हते, म्हणून चुकला. पडद्यावरच्या माणसाचंही तेच आहे. तो आवडला नाही की बोटाने बाजूला सारता येतो, आणि आपल्याला आवडेल तेच पुन्हा पुढे आणणं ही त्या यंत्रणेची रीत आहे. त्यातून माहिती वाढते, पण आपलं मत चुकीचं ठरण्याचा प्रसंग येत नाही.

मग मेकॉलेचं काय, असा दुसऱ्या आक्षेपाचा सवाल असतो. तो तर आला होता. १८३४ च्या जूनमध्ये तो मद्रासला उतरला, तिथून उटकमंडपर्यंतचा सुमारे चारशे मैलांचा प्रवास त्याने माणसांच्या खांद्यांवरून केला आणि पुढे काही वर्षं इथे राहिला. तरीही शिक्षणावरच्या १८३५ च्या टिपणात, आपल्याला संस्कृत आणि अरबी येत नाही हे स्वतःच सांगून, त्या वाङ्मयापेक्षा युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी मोलाची ठरवायला तो कचरला नाही. हा पुरावा मान्यच केला पाहिजे. अंतर तोडलं की माणूस शहाणा होतो असं नाही, हे त्यातून सिद्ध होतं; पण प्रवासच निरुपयोगी, हे सिद्ध होत नाही. ज्यांनी मेकॉलेला वाहून नेलं त्यांच्यापाशी त्याला मागायचं काहीच नव्हतं, हुकूम पुरेसा होता. त्याच्या शेजारी अल बिरुनीला ठेवून पाहा. तोही जेत्याच्या, गझनीच्या महमुदाच्या, मागोमाग आला. पण त्याला इथलं ज्योतिष आणि गणित हवं होतं, आणि ते पंडितांपाशी होतं. तो संस्कृत शिकला, आरंभी त्यांच्यापुढे शिष्यासारखा बसला. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याने हिंदूंचे विचार शक्यतो त्यांच्याच शब्दांत मांडले, आणि महमुदाच्या स्वाऱ्यांनी देशाची धूळधाण केली हेही लिहून ठेवलं. आपल्या देशासारखा देश नाही, आपल्या शास्त्रासारखं शास्त्र नाही, हा इथल्या विद्वानांचा ताठा त्याला खटकला. त्याचं निदान असं की, हे लोक प्रवास करून इतरांत मिसळले तर त्यांचं मत पालटेल. मेकॉले आणि बिरुनी दोघेही सत्तेच्या बाजूने आले होते. एक शिकवायला आला, दुसरा शिकायला. फरक पडला तो तिथे.

प्रवास ही चैन आहे, या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर मराठीतच आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते हौसेने नव्हे. घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा होती. पायी निघालेला हा भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, लुटला गेला. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये काल्पीच्या वाटेवरचा एक प्रसंग आहे. विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटते. गोडसे पाणी शेंदायला पुढे होतात, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये असं सांगून ती मडकं स्वतःच्या हाती घेते. झाशीत त्यांनी ज्या राणीचं वैभव पाहिलं होतं, तिचंच हे रूप आहे. एकाच माणसात किती माणसं असतात, हे त्याच विहिरीवर आलेल्या वाटसरूलाच दिसू शकतं. आजही बीड जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाते. परक्या गावात पाणी कोण भरू देतं, तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात कोण पोचवतं, वजनात कोण मारतं, हे त्या बाईला जितकं कळतं तितकं अनेक देश पाहून आलेल्यालाही कळत नाही. तिच्या हालांचं कौतुक करण्याजोगं काही नाही. पण प्रवासातलं शहाणपण ही सुखवस्तूंची मिरास आहे असं म्हणणं म्हणजे तिच्या अनुभवाला ज्ञान मानायला नकार देणं आहे. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण प्रवासापुरती तरी उलटी आहे.

वैविध्य कळणं म्हणजे निरनिराळे पोशाख आणि पदार्थ मोजणं नव्हे. आपण जे निसर्गनियमासारखं धरून चाललो होतो, ते दुसरीकडे माणसांनी वेगळं ठरवलं आहे आणि तरी त्यांचा संसार चालतो, हे उमजणं म्हणजे वैविध्य कळणं. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि मग विधवांच्या शाळेसाठी मदत गोळा करत, व्याख्यानं देत तो देश हिंडल्या. बायका आपल्या संस्था स्वतः चालवतात, सभा भरवतात, पैसा उभा करतात, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. १८८९ च्या त्यांच्या ग्रंथात याचा गौरव आहे. पण तिथल्या आदिवासींवरचा आणि काळ्या माणसांवरचा अन्याय, बायकांना मिळणारी कमी मजुरी, हेही त्यात आहे. भारावलेला पाहुणा एवढं दोन्ही बाजूंचं लिहीत नाही. त्याच वर्षी मुंबईत त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, सुरू झाली. विधवेचं आयुष्य दुसऱ्या तऱ्हेचंही असू शकतं, हे असं इथल्या बायकांच्या उपयोगाला आलं.

आपलाच स्वयंपाकी, आपलीच भाषा आणि आपलीच माणसं बरोबर घेऊन निघालेल्या सहली वाईट आहेत असं कुणी म्हणू नये. थकलेल्या आईवडिलांना त्यामुळेच जग पाहता येतं. पण ज्याचे पाय धड आहेत त्याने एखादा दिवस तरी घोळक्याबाहेर पडावं, वाट विचारावी, गावातल्या खाणावळीत जे शिजलं असेल ते खावं, चुकलं तर माणसालाच विचारावं. याचा संबंध नुसत्या सहलीशी नाही. बिहारी असे, मुसलमान तसे, खेडवळ असले, शहरी तसले, अशी मतं आपल्याकडे ठामपणे मांडली जातात, आणि त्यांच्या जोरावर कुणाला घर भाड्याने मिळत नाही, कुणाला कामावर घेतलं जात नाही. असं मत मांडणाऱ्याला एकच विचारावं: त्यांच्यातल्या कुणावाचून तुमचं कधी अडलं होतं का? उत्तर नाही असं आलं, तर ते मत अजून तपासलेलंच नाही, आणि न तपासलेल्या मतावर दुसऱ्याच्या घराचा आणि भाकरीचा निकाल लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.