आईचा जन्मदाखला आणि आपली देशभक्ती

गोव्यातल्या कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढला की फोटोखाली ठरलेल्या कमेंट पडतात. गद्दार. पाखल्यांचं पिल्लू. वगैरे. लिहिणाऱ्याचा स्वतःचा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने तर हात वर करून परक्या देशाशी निष्ठेची शपथ घेतलेली असते. तो गावी आला की मात्र शाल आणि श्रीफळ.

गोवेकराचं प्रकरण वेगळं आहे. 19 डिसेंबर 1961च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी जन्माने पोर्तुगीज. आई किंवा बाबा तसे असतील आणि लिस्बनला आपला जन्म नोंदवला, की आपणही जन्मापासूनचेच पोर्तुगीज ठरतो. यात धर्माचा प्रश्न येत नाही. हा फक्त ख्रिश्चनांचा उद्योग, असं समजणाऱ्यांनी आपल्याच नाईक-कामतांच्या घरातले जुने कागद काढून बघावेत. कुणाच्या आडनावाचं पोर्तुगीज स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधार कार्डावर तिसरं. आधी आईचा जन्म तिकडे चढवायचा, मग तिचं लग्न, मग आपला नंबर. एका अक्षरापायी फाईल अडकून पडते.

भारताने 1962च्या आदेशाने इथल्या लोकांना 20 डिसेंबर 1961पासून भारतीय ठरवलं. ज्याला आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. मुक्ती हवीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण म्हणजे दोन देशांनी एकाच बाईला आपापली म्हटलं, आणि आता तिच्या लेकराने दोन्ही खरं मानलं की गद्दारी?

लोक जातात ते पगारासाठी. ब्रेक्झिटआधी याच पासपोर्टवर ब्रिटनमध्ये काम करता यायचं, म्हणून स्विंडनमध्ये गोवेकरांची वस्ती उभी राहिली. नव्यांसाठी तो रस्ता बंद झाला. युरोपातले बाकीचे देश आहेत.

पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं. आपल्याला चालत नाही. 1955च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं, आपणहून दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. मग ओसीआय कार्ड घ्या. त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावची टेकडी कापायला निघाली तर तिकडून पैसे पाठवून घर चालवणाऱ्या मुलीने काय करायचं? मतदारयादीत तिचं नावच नाही. गावात राहिलेल्यांची संख्या घटत जाते आणि आपण कमेंटमध्ये देशभक्ती मोजत बसतो.

दुहेरी नागरिकत्वाचं नाव काढलं की सुरक्षेचं कारण पुढे येतं. अहो, याच माणसाला तुम्ही आजन्म व्हिसा देता! सुरक्षेला धोका आहे तो त्याच्या मतामुळे? आईबापांकडून आलेलं नागरिकत्व आणि अर्ज करून, शपथ घेऊन मिळवलेलं नागरिकत्व, हा फरक कायद्यात लिहा. आणि तेवढंही जमणार नसेल तर निदान नुसत्या जन्मनोंदणीला देश सोडणं म्हणणार नाही, एवढं तरी स्पष्ट करा.