सहीपुरते मार्गदर्शक

दिवाळीची सुटी संपली की आमच्या शाळेत बी.एड.ची मंडळी येतील. हातात तक्त्यांच्या गुंडाळ्या, काखेत टाचणवह्या आणि चेहऱ्यावर परक्या घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्याचा संकोच. मुले त्यांना 'पाठवाले' म्हणतात. आणि आम्ही जुने शिक्षक? आम्ही त्यांची वाट पाहत असतो. ते आले की आमचे तास मोकळे होतात! हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते; पण ते खरे आहे, आणि आज मला भांडायचे आहे ते या मोकळ्या तासाशीच.

२०१४ च्या विनियमांनी बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे केले आणि शाळेत राहून शिकण्यासाठी २० आठवडे ठरवून दिले. पूर्वी पाठ मोजत, आता आठवडेही मोजू लागले. त्याला 'आंतरवासिता' असे भारदस्त नाव मिळाले. डॉक्टरांच्या शिक्षणातही हाच शब्द आहे. पण शिकाऊ डॉक्टराच्या हाती सुरी देऊन मोठे डॉक्टर चहाला निघून गेले, तर आपण त्या इस्पितळाची पायरी चढू काय? गवयाचा शिष्यसुद्धा वर्षानुवर्षे मागे तानपुरा घेऊन बसतो, गुरूने खूण केली की एखादी जागा घेतो. आम्ही शिष्याला पुढे बसवतो आणि गुरू मैफलीतून उठून जातो.

मीही उठून गेलो होतो. काही वर्षांपूर्वी एक छात्राध्यापिका माझ्या सहावीच्या वर्गावर अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. मी शिक्षकखोलीत शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरत बसलो होतो. तास संपल्यावर तिने निरीक्षणवही पुढे केली. मी सवयीने लिहिले : 'फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला.' खाली सही ठोकली. वही मिटून ती जाईना. म्हणाली, "सर, एका मुलाने १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे सांगितले. मी त्याला चूक म्हणून खाली बसवले. पण तो म्हणत होता, दोन चेंडूंत एक चौकार मारला आणि पुढच्या तीन चेंडूंत एक, तर पाच चेंडूंत दोनच ना? मी काय सांगायला हवे होते?"

मी तिला काय सांगितले? "छेद समान करून घ्यायचे, एवढे पक्के करून घ्या, बाई." म्हणजे काहीच सांगितले नाही. मी वर्गात असतो तर त्या पोराचे तोंड मला दिसले असते. चेंडूंचा हिशेब त्याने बरोबर केला होता. फक्त तो अपूर्णांकांच्या बेरजेचा हिशेब नव्हता. त्याला एवढेच विचारायचे होते, की अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? २/५ तर अर्ध्याहून लहान! हा प्रश्न मला सुचला तो रात्री, घरी. तोवर तास गेला होता आणि मुलगा खाली बसला होता.

तिचा दोष मी मानत नाही. तिच्या टाचणात विषयविवेचनानंतर संकलन आणि मग उपयोजन लिहिलेले होते. मुलाच्या चुकीला त्यात रकाना नव्हता. हर्बार्ट १८४१ साली वारला, त्याच्या शिष्यांनी बांधलेली पंचपदी मात्र आमच्या टाचणवह्यांतून अजून खणखणीत जिवंत आहे. महाविद्यालयाचे प्राध्यापक येतात, एका सकाळी चार वर्गांत दहा-दहा मिनिटे डोकावतात आणि त्या पायऱ्या जुळल्या की नाहीत ते पाहून गुण देतात. वर्गाला रोज पाहणाऱ्या माणसाचे मत विचारतो कोण?

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हटले, आठवड्यातून दोन तास द्या. एक तिचा पाठ पाहायला, एक तिच्याशी बोलायला. ते हसले. "अहो, त्या आल्यामुळे तुमचे तास मोकळेच झालेत की!" त्याच आठवड्यात माझ्या त्या मोकळ्या तासांवर दोन बदली तास पडले, आणि रजेवर गेलेल्या चित्रकला शिक्षकांच्या वर्गावर तिला एकटीला धाडण्यात आले. फी भरून शिकायला आलेल्या माणसाला बिनपगारी बदली शिक्षक करायचे आणि त्याला अनुभव म्हणायचे! हा हिशेब कुणाच्या सोयीचा आहे ते सांगायला नको.

काही सहकारी म्हणतात, आम्हाला कुणी शिकवले होते? पाण्यात पडले की पोहता येते. येते, पण येथे गटांगळ्या खातात ती समोरची चाळीस मुले, हे पाण्याचे दृष्टान्त देणारे विसरतात. आणि नुसत्या अनुभवाने माणूस सुधारतो असेही नाही. एकच चूक तीस वर्षे सुखाने करता येते. मी काही केल्या आहेत.

पुढे टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे. दोन्हींत पर्यायांवर खुणा करायच्या. त्या पोराच्या चौकाराला काय उत्तर द्यावे, हे त्यांत कळायचे नाही. ते शिकायची जागा शाळेचा वर्ग, आणि त्या जागी आम्ही सह्या करतो. मला मानधन नको, प्रमाणपत्र तर नकोच नको. तास हवा, वेळापत्रकात छापलेला, बदलीला न जाणारा. आणि आधी तिने माझा पाठ पाहावा, चुकले तेथे बोलावे. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर तपासणी अधिकाऱ्याखेरीज कुणी मोठे माणूस कधी बसलेले नाही. त्या बाकाची मलाही थोडी भीती वाटते, हे कबूल करतो.

यंदा दोघी जणी येणार आहेत. मी मंगळवारचा चौथा आणि शुक्रवारचा दुसरा तास लाल शाईने आखून वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवले आहे. सुटी लागेपर्यंत त्यावर सही झालेली नव्हती.