पिस्तुलाचं वजन

माझ्या पिस्तूल-नेमबाजीबद्दल घरच्यांचे प्रश्न साधारण तीन प्रकारचे असतात. आईचा प्रश्न नसतोच, नुसतं "सांभाळून रे बाबा" असतं. मामा विचारतात, "म्हणजे अंजली भागवतसारखं का?" आणि पुण्याची आत्या विचारते, "तिकडच्या रोज कसल्या कसल्या बातम्या येतात, आणि तुला हाच छंद सापडला?" आत्याचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, त्याकडे नंतर येतो. आधी मामांचं.

नाही मामा, अंजली भागवत यांच्यासारखं नाही. त्यांचा खेळ एका जागी उभं राहून, श्वास आवरून, शांतपणे खेळायचा. आमच्याकडे धावपळ. याला 'प्रॅक्टिकल शूटिंग' म्हणतात. १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी एक बैठक झाली आणि त्यातून 'आयपीएससी' ही आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. जेफ कूपर हा निवृत्त मरीन अधिकारी तिचा पहिला अध्यक्ष. आम्ही इथे ओहायोत खेळतो ते तिच्या अमेरिकन शाखेच्या, म्हणजे 'यूएसपीएसए'च्या नियमांनी. ही शाखा १९८४ सालची. लाकडी भिंती, पिंपं, खिडक्या यांचा एक चक्रव्यूह उभारलेला असतो, त्याला 'स्टेज' म्हणतात. बझर वाजला की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं आणि पळत पळत सगळी पुठ्ठ्याची लक्ष्यं टिपायची. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, तो आकडा म्हणजे 'हिट फॅक्टर'. नुसता अचूक माणूस हरतो आणि नुसता वेगवान माणूसही हरतो. अचूकता, ताकद आणि वेग हे तिन्ही हवेत, असं संघटनेचं लॅटिन बोधवाक्यच आहे.

त्यातलं 'ताकद' हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. कूपरचं म्हणणं होतं की जड, जोरकस गोळी झाडणं अवघड, म्हणून त्याचं बक्षीस मिळालं पाहिजे. मग गणित ठरलं: गोळीचं वजन (ग्रेनमध्ये) गुणिले वेग (सेकंदाला फूट), भागिले हजार. हा झाला 'पॉवर फॅक्टर'. आमच्याकडे १६५ च्या वर गेलात तर 'मेजर' आणि १२५ च्या वर असलात तर 'मायनर'. (मेजरची रेषा पूर्वी १७५ होती. हे लक्षात ठेवा.) १८० ग्रेनची गोळी ९४० फुटांनी गेली तर १६९ येतात, मेजर झालं. माझी १४७ ग्रेनची ९ मिमी गोळी ९०० फुटांनी जाते, म्हणजे १३२, मायनर. लक्ष्याच्या मध्यभागी लागली तर दोघांनाही ५ गुण. बाहेरच्या पट्ट्यात गेली की मेजरवाल्याला ४ आणि मला ३. त्याच्याही बाहेर त्याला २, मला १. मोठ्या स्पर्धांमध्ये तुमच्या पिशवीतल्या गोळ्या काढून घेऊन क्रोनोग्राफवर मोजतात आणि १२५ सुद्धा भरले नाहीत, तर तुम्ही खेळा हवं तेवढं, गुण शून्य. दूधवाल्याच्या दुधात लॅक्टोमीटर घालावा तसा प्रकार.

आता गंमत बघा. जड गोळीला जास्त गुण द्यायचे ठरवल्यावर लोकांनी काय केलं? जोर तेवढाच ठेवून धक्का कमी कसा लागेल ते शोधलं. ऐंशीच्या दशकात नळीच्या तोंडाला भोकं पाडलेला 'कॉम्पेन्सेटर' आला. गोळीमागचा वायू वरच्या दिशेने फेकला जातो, म्हणून पिस्तुलाचं तोंड उसळत नाही. मग लक्षात आलं की दाब जितका जास्त तितका वायू जास्त, तितका कॉम्पेन्सेटर चांगला चालतो. झालं, लोक .४५ सोडून .३८ सुपरकडे वळले. मग नेम धरायला लाल ठिपक्याची काच आली आणि डग केनिगने १९९० ची जागतिक स्पर्धा तसली काच लावून जिंकली. कूपरला ही 'रेस गन' मंडळी कधीच रुचली नाहीत. त्याला रस्त्यावरचा माणूस जे पिस्तूल बाळगेल त्याची परीक्षा घ्यायची होती आणि समोर उभी राहिली फॉर्म्युला वन.

यावर संघटनांनी जो तोडगा काढला तो मला अजूनही शहाणपणाचा वाटतो. बंदी घातली नाही, विभाग पाडले. ज्याला भोकं, काचा, लांबलचक मॅगझिन हवीत त्याने 'ओपन'मध्ये खेळावं, तिथे मॅगझिन १७१.२५ मिलिमीटरपर्यंत चालतं. ज्याला ते नको त्याने 'लिमिटेड'मध्ये यावं, तिथे १४१.२५. आंतरराष्ट्रीय नियमांत तर 'स्टँडर्ड' विभागासाठी चक्क एक खोका असतो, आतून २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरचा. तुमचं पिस्तूल मॅगझिनसकट त्यात बसलं तर खेळा, नाही बसलं तर नाही. वाद नाही, वकील नाही. मला हा खोका फार आवडतो.

आणि जो माणूस दुकानातून पिस्तूल विकत घेऊन सरळ खेळायला येतो, त्याच्यासाठी 'प्रॉडक्शन' विभाग निघाला. काच नाही, कॉम्पेन्सेटर नाही, सगळ्यांना मायनरचेच गुण. तुम्हाला वाटेल, प्रश्न मिटला. पण 'कारखान्यातून निघालेलं' असा नियम केला की कारखाने वाचतात तो नियम! सीझेड या चेक कंपनीने २०१६ साली 'शॅडो २' आणलं. अख्खं पोलादाचं, १३३० ग्रॅम, ट्रिगर लोण्यासारखा. पँटच्या पट्ट्याला लावून बाजारात जायचं ते पिस्तूलच नाही, ते स्पर्धेसाठीच जन्माला आलंय. सुताराला रंधा मारायला मनाई केली, तर कारखान्यानेच रंधा मारून दिला. नियमाच्या अक्षरात चूक शोधायला गेलात तर सापडणार नाही.

तरी हेही चालवून घेतलं असतं. माझी खरी तक्रार 'कॅरी ऑप्टिक्स' या विभागाबद्दल आहे, आणि तो माझाच विभाग आहे.

पन्नाशी आली की पिस्तुलाची पुढची माशी दिसत नाही हो. लक्ष्य दिसतं, माशी पुसट. चष्मा लावला की माशी दिसते, लक्ष्य पुसट. लाल ठिपक्याची काच लावली की लक्ष्याकडेच बघायचं, ठिपका आपोआप तिथे तरंगतो. माझ्यासारख्या कितीतरी लोकांना त्या ठिपक्याने खेळात टिकवून ठेवलंय. म्हणून २०१४-१५ च्या सुमारास 'रोज बाळगायच्या पिस्तुलावर काच' असा हा विभाग आधी तात्पुरता निघाला तेव्हा मी खूश झालो होतो. वजनाची मर्यादा होती ३५ औंस, म्हणजे एक किलोला थोडं कमी. प्लॅस्टिकच्या मुठीचं साधं ग्लॉक काच लावून त्यात आरामात बसायचं.

मग लोक म्हणाले, आमचं पिस्तूल ३५ मध्ये बसत नाही. मर्यादा ४५ औंस झाली. मग आणखी लोक म्हणाले. ५९ झाली. ५९ औंस म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलो! पाऊण किलोच्या पिस्तुलाच्या दुपटीहून जास्त. नाव अजून 'कॅरी'च, म्हणजे 'बाळगायचं'. पावणेदोन किलोचं काय बाळगता? आमच्याकडे एक गृहस्थ पितळेच्या मुठी लावून येतात, आत टंगस्टनची कांडी. सामना संपला की आधी पिस्तूल गाडीच्या डिकीत टाकतात, मग कंबर चोळतात.

वजनाचं एवढं काय, असं विचाराल. हलकी गोळी आणि जड पिस्तूल म्हणजे उसळी जवळपास नाहीच, ठिपका काचेतून हलतच नाही, दुसरी गोळी लगेच मारता येते. या विभागात सगळ्यांना मायनरचेच गुण असल्यामुळे 'ताकदी'ची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. जो धक्का सोसावा म्हणून कूपरने गणित मांडलं होतं, तो तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पितळ टाकून काढून घेतला.

समोरची बाजू मला तोंडपाठ आहे, कारण दर महिन्याला ऐकतो. पहिली म्हणजे, हाच विभाग आज सगळ्यात जास्त भरतो, मग लोकांना आवडतं ते वाईट कसं? दुसरी, हत्यार जिंकत नाही, माणूस जिंकतो. दुसरीत तथ्य आहे. आमच्या क्लबातला पहिला नंबर माझं पिस्तूल घेऊनही मला हरवेल आणि मी त्याचं घेऊनही हरेन. माझे सेकंद जातात ते पाय उशिरा हलतात म्हणून. घरी रिकाम्या पिस्तुलाने रोज दहा मिनिटं सराव केला तर जेवढा फरक पडेल, तेवढा पितळाने पडणार नाही. पण मग हाच युक्तिवाद उलटा फिरवतो: हत्याराने फरक पडत नसेल तर मर्यादा ३५ वर ठेवायला तुमची हरकत काय होती?

फरक पडतो तो नवख्याला. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटात एक नर्सिंगची विद्यार्थिनी आली होती. वडिलांचं जुनं ग्लॉक, त्यावर पैसे साठवून घेतलेली काच. छान खेळत होती, सावकाश पण नेमकं. दुपारपर्यंत चार जणांनी प्रेमाने, अगदी मदत म्हणून, तिला काय काय विकत घ्यावं लागेल त्याची यादी दिली. जड पिस्तूल, जड मूठ, मॅगझिनचे लांब बूड, चुंबकाचा पट्टा. ती मोबाईलवर लिहून घेत होती. तिच्या पायांबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या महिन्यात आली नाही. कारण परीक्षाही असेल, मला माहीत नाही. पण ती यादी ऐकताना तिचा चेहरा मी पाहिला होता.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो. डेनिस लिली १९७९ च्या डिसेंबरमध्ये पर्थला ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तेव्हा नियमात तिला मनाई नव्हती. नंतर बॅटचं पातं लाकडाचंच हवं असं लिहून टाकलं. २०१७ मध्ये बॅटच्या कडेची जाडी ४० मिलिमीटरवर रोखली. तिथे नियम आवळत गेले. आमच्याकडे दर वेळी सैल होतात, कारण आमचे खेळाडूच सभासद, सभासदच गिऱ्हाईक, आणि ज्याने नवं पिस्तूल घेतलंय त्याला ते वापरायचं असतं.

आता आत्याचा प्रश्न. तिची भीती खोटी नाही. या देशात पिस्तुलांनी काय होतं ते मी इथेच राहून बघतो, आणि त्याचं समर्थन मी करत नाही. पण एवढं सांगतो की याच रूलबुकात दुसऱ्या प्रकारचे नियम आहेत आणि ते एक इंचही हलत नाहीत. पिस्तुलाचं तोंड १८० अंशाच्या रेषेमागे गेलं, तुम्ही घरी. पळताना बोट ट्रिगरवर राहिलं, घरी. खेळताना पिस्तूल हातातून पडलं, घरी, मग ते रिकामं का असेना. राष्ट्रीय विजेत्यांनाही असं भर सामन्यातून घरी पाठवलंय आणि ते मुकाट्याने सामान आवरून गेलेत. तिथे कोणी म्हणत नाही की बुवा १८० जरा कमी पडतात, १९० करा. आमच्यातल्या लोकांना नियम पाळता येत नाहीत असं नाही. मोजलेला आकडा तिथेच ठेवायचा असतो, हे त्यांना व्यवस्थित कळतं. फक्त खरेदीच्या बाबतीत कळत नाही.

राष्ट्रीय नियम बदलणं माझ्या हातात नाही. पण क्लबात निकालाची एक जास्तीची यादी लावता येते. मी पत्र दिलंय: सामना सुरू व्हायच्या आधी टेबलावर स्वयंपाकघरातला एक काटा ठेवायचा, ज्याचं पिस्तूल काचेसकट ३५ औंसांच्या आत भरेल त्याचं नाव वेगळ्या यादीतही घ्यायचं. बक्षीस नको, ढाल नको, नुसती यादी. एकाने लगेच विचारलं, मॅगझिन लावून मोजायचं की काढून? (सुरुवात झालीच!) मी म्हटलं, रिकामं मॅगझिन लावून. पितळवाले गृहस्थ म्हणाले, काटा मी आणतो, माझ्याकडे बारूद मोजायचा चांगला आहे.

तो काटा दीडशे ग्रॅमच्या वर मोजत नाही. आमचा भाजीचा आहे तोच नेईन.