डिस्क वाचत नाही? मशीन भंगारात देण्याआधी थांबा!

मैत्रिणींनो, सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीचा डीव्हीडी रेकॉर्डर आहे. लग्नाच्या, मुंजीच्या आणि सासूबाई मंगळागौरीची गाणी म्हणतात त्या व्हीएचएस कॅसेट त्यावर उतरवून घेतल्या होत्या. कॅसेटना बुरशी लागली म्हणून त्या टाकून दिल्या. आता मशीन कधी 'नो डिस्क' म्हणतं, कधी 'डिस्क एरर'. शेजारच्यांच्या प्लेअरवर तर एकही डिस्क लागत नाही. हे म्हणतात, दिवाळीच्या आवराआवरीत मशीन भंगारात देऊन टाक. देऊ का? सासूबाई आता नाहीत."

ताई, इतक्यात मुळीच देऊ नका. तुमच्यासारख्या कितीतरी घरांत अशा डिस्क कपाटात पडून आहेत, म्हणून सगळ्यांसाठीच सविस्तर सांगते.

आधी दोष कुणाचा ते ठरवा. दुकानातून विकत आणलेली सिनेमाची डीव्हीडी मशीनमध्ये घाला. तीही लागली नाही, तर मशीनच्या आतली काच, म्हणजे लेन्स, धुळीने माखली असावी किंवा मशीन थकलं असावं. ती लागली आणि घरची एकच डिस्क अडली, तर दोष बहुधा त्या डिस्कचा. पण सिनेमा लागतो आणि घरच्या सगळ्याच डिस्क अडतात, असं झालं तर पुन्हा लेन्सवरच संशय घ्या. घरी भरलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा उजेड कमी परतवते. त्यामुळे लेन्स मळली की घरच्या डिस्क आधी अडतात.

आता डिस्क पुसायची कशी? पदराने गोल गोल तर नाहीच नाही! मऊ, स्वच्छ सुती कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ रेषेत पुसा. कारण ऐका. डिस्कवरचं चित्र गोगलगाईच्या शंखासारखं गोल गोल फिरत लिहिलेलं असतं. आडवा छोटा ओरखडा पडला तर मशीन तेवढी जागा सांभाळून घेतं. गोल ओरखडा मात्र लिखाणाच्या ओळीवरूनच जातो आणि सलग मजकूर खाऊन टाकतो. डाग निघत नसेल तर पाण्याने ओलं केलेलं कापड वापरा, मग कोरड्याने टिपा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं औषध यांपैकी काहीही लावू नका.

लेन्ससाठी बारीक ब्रश असलेली क्लीनिंग डिस्क मिळते, ती एकदा फिरवून बघा. स्वतः झाकण उघडू नका. आत लेसर असतो, तो डोळ्यांना घातक. ते काम जाणत्या मेकॅनिकचं. पावसाळ्यात दमट हवेने आत वाफ धरली असेल, तर डिस्क न घालता मशीन तास-दोन तास नुसतं चालू ठेवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट ध्यानात ठेवा. मशीनला डिस्क वाचता आली नाही, की कधी कधी पडद्यावर 'फॉरमॅट करू का?' किंवा 'इनिशिअलाइज करू का?' असा प्रश्न येतो. घाईघाईत 'यस' दाबू नका! पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डिस्क असेल, तर त्यावरचं सगळं पुसलं जाईल. 'नो' म्हणा आणि डिस्क बाहेर काढा.

शेजारच्यांकडे डिस्क लागत नाही, त्याचं कारण बहुधा वेगळंच आहे. रेकॉर्डिंग झालं म्हणजे काम संपलं असं नसतं. शेवटी 'फायनलाइझ' करावं लागतं. बरणीत लोणचं भरलं, पण दादरा बांधलाच नाही, तसं हे आहे. फायनलाइझ न केलेली डिस्क जिथे भरली त्या मशीनवर चालते, दुसरीकडे बहुधा चालत नाही. म्हणजे मशीन भंगारात गेलं, की तिची किल्लीच गेली म्हणा ना!

तेव्हा मशीन जरा जरी चालत असेल, तर डिस्क घालून रिमोटवरच्या मेनूत 'डिस्क' किंवा 'सेटअप' या ठिकाणी 'फायनलाइझ' शोधा आणि एकेक डिस्क पुरी करा. याला काही मिनिटं लागतात, कधी बराच वेळही. मध्येच लाईट गेली तर डिस्क बिघडू शकते, म्हणून तुमच्याकडे वीज जाण्याची वेळ टाळून हे काम करा. मशीन अजिबातच वाचत नसेल, तर आधी लेन्स साफ करून घ्या, पण टाकू नका. डिस्क शाबूत असली, तर संगणकावर खास प्रोग्रॅम वापरून अशा डिस्कमधलं चित्र काढून देणारेही असतात.

फायनलाइझ झाल्यावरही स्वस्थ बसू नका. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये एक रंगाचा थर असतो आणि उन्हाने तो विटतो. म्हणून डिस्क डबीत, उभी, खिडकीपासून दूर ठेवा. वर कागदी लेबल चिकटवू नका. फिरताना तोल जातो. नाव मऊ टोकाच्या पेनने वरच्या बाजूला लिहा, बॉलपेनने नको. आणि मुलांना सांगून सगळं संगणकावर उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपला बहुधा डीव्हीडीची खाच नसते, पण बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी पेन ड्राइव्हवर, तीही दुसऱ्या घरी, बहिणीकडे म्हणा, लेकीकडे म्हणा.

ज्यांच्याकडे कॅसेट अजून आहेत, त्यांनी त्याही टाकू नयेत. मात्र दिरंगाईही नको. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ सालच्या जुलैत ते बनवणं थांबवलं. चालू स्थितीतला व्हीसीआर आता शोधावाच लागतो.

या रविवारी दुपारी एवढं करा. डिस्कची चळत खाली काढा आणि वहीत यादी करा: कोणती लागते, कोणती अडते, कोणती फायनलाइझ झाली. ज्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज आहे, ती पहिली हातात घ्या. लग्नाचे फोटो तरी अल्बममध्ये असतात; आवाज दुसरीकडे कुठे नसतो.